जुळणी आहे, निरोप नाही

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी घाट चढून लोणावळा मागे टाकते आणि थोड्या वेळात तळेगाव दाभाडे येतं. इथून मुंबईच्या बाजूला, पार कुलाब्याच्या टोकाशी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पुण्याच्या बाजूला पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राचं सर्वांत चिवट भांडण या दोन्ही ठिकाणी पोचलं. कुलाब्यात ते कागदावर लढलं गेलं, १९७८ पासून १९९१ पर्यंत. पाषाणला ते २०११ साली क्लोरोफॉर्मच्या नळीत उतरलं. एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन कणांचं नातं किती घट्ट असू शकतं, आणि त्या घट्टपणाला मर्यादा कुठे पडते, हा त्या भांडणाचा विषय होता.

सुरुवात आइनस्टाइननं केली. १५ मे १९३५ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यानं बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांच्यासह चार पानी लेख लिहिला. पुंजयांत्रिकीच्या नियमांप्रमाणे एकत्र जन्मलेले दोन कण कितीही दूर गेले तरी गुंतलेले राहतात. इकडे मोजलं की तिकडचं उत्तर ठरून जातं. इकडची कृती तिकडे तत्क्षणी पोचते, हे आइनस्टाइनला मान्य नव्हतं. मग एकच वाट उरते. उत्तरं कणांच्या गाठीशी पहिल्यापासून असणार. पुंजयांत्रिकीला ती दिसत नाहीत, म्हणजे सिद्धांत अपुरा. या न दिसणाऱ्या उत्तरांना पुढे ‘गुप्त चल’ म्हणायला लागले.

नील्स बोरनं त्याच वर्षी उत्तर दिलं आणि बहुतेकांनी वाद मिटला असं धरलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९३२ मध्ये, जॉन फॉन नॉयमननं गुप्त चल असूच शकत नाहीत याची सिद्धताही छापली होती. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचं नाव खाली असल्यावर कोण तपासत बसतो? डेव्हिड बोमनं १९५२ मध्ये गुप्त चलांचा एक चालता सिद्धांत लिहून दाखवला, तेव्हा त्या सिद्धतेत कुठेतरी भोक आहे हे उघड झालं. पण बोमच्या सिद्धांतात एका कणावर दूरच्या कणाचा परिणाम ताबडतोब होत होता. आइनस्टाइनला जे टाळायचं होतं, नेमकं तेच मागल्या दारानं घरात आलं.

हे दार कायमचं बंद करता येतं का, हा प्रश्न बेलफास्टच्या जॉन बेलनं हातात घेतला. बेल जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये कणत्वरकांच्या आणि कणभौतिकीच्या कामावर होता. हा उद्योग त्याचा फावल्या वेळातला. १९६४ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यानं जो लेख लिहिला, तो लवकरच बंद पडलेल्या एका नवख्या नियतकालिकात आला. त्यातला युक्तिवाद पुढे क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये प्रयोगाला सोयीचा केला. तो इतका साधा आहे की आपल्या गावात बसून करून बघता येतो.

समजा, एक यंत्र तळेगावला आहे, एक चाकणला. मधल्या उगमातून गुंतलेल्या कणांची जोडी निघते. एक कण इकडे येतो, एक तिकडे जातो. तळेगावच्या यंत्राला त१ आणि त२ अशा दोन कळा, चाकणच्या यंत्राला च१ आणि च२. कुठलीही कळ दाबली तरी उत्तर +१ किंवा −१. आइनस्टाइनचं खरं असेल, तर चारही कळांची उत्तरं कणांनी निघतानाच सोबत घेतलेली आहेत आणि चाकणला कुठली कळ दाबली याचा तळेगावच्या उत्तराशी संबंध नाही. या दुसऱ्या गोष्टीला स्थानिकता म्हणतात. आता प्रत्येक जोडीसाठी ही बेरीज मांडा: त१×च१ + त१×च२ + त२×च१ − त२×च२. हिलाच त१×(च१+च२) + त२×(च१−च२) असंही लिहिता येतं. च१ आणि च२ सारखे असतील तर दुसरा कंस शून्य होतो, वेगळे असतील तर पहिला. उरलेला कंस +२ किंवा −२. म्हणजे कुठल्याही जोडीची बेरीज या दोनपैकी एकच. हजारो जोड्यांची सरासरी काढली तरी ती २ ओलांडू शकत नाही. हीच बेलची असमानता.

पुंजयांत्रिकीचं गणित मात्र म्हणतं की कळा नीट निवडल्या तर ही सरासरी २.८२८ पर्यंत, म्हणजे दोन गुणिले वर्गमूळ दोनपर्यंत जाते. तत्त्वज्ञानाचा वाद एका आकड्यावर आला. २ च्या आत की बाहेर, एवढंच बघायचं.

बघायला पहिला निघाला तो जॉन क्लाउझर. पुंजयांत्रिकी हरेल अशी त्याची अपेक्षा होती. बर्कलीत स्टुअर्ट फ्रीडमनबरोबर त्यानं कॅल्शियमच्या अणूंमधून निघणाऱ्या फोटॉनच्या जोड्या मोजल्या आणि १९७२ मध्ये जे हाती आलं ते पुंजयांत्रिकीच्या बाजूचं होतं. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये होल्ट आणि पिपकिन यांना पारा वापरून नेमकं उलट उत्तर मिळालं. त्यांनी ते रीतसर छापलंच नाही. १९७६ मध्ये टेक्ससमध्ये फ्राय आणि टॉम्प्सन यांनी पारा वापरूनच पुन्हा मोजलं आणि निकाल पुंजयांत्रिकीच्या बाजूनं गेला. तरी एक शंका उरली. कळा प्रयोगाआधीच ठरलेल्या असतात, मग दोन्हीकडच्या यंत्रांना एकमेकांची खबर लागायला वेळच वेळ होता. ती शंका पॅरिसजवळ ओर्सेमध्ये आलँ आस्पेनं हाती घेतली. हा तरुण १९७५ मध्ये बेलकडे बेत घेऊन गेला, तेव्हा बेलनं आधी त्याला पक्की नोकरी आहे का ते विचारलं. या विषयात पडणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं, अशी त्या काळची स्थिती होती. आस्पेनं दोन यंत्रं १२ मीटर अंतरावर ठेवली. एवढं अंतर कापायला प्रकाशाला ४० नॅनोसेकंद लागतात. त्याच्या कळा दर १० नॅनोसेकंदांच्या आसपास बदलत होत्या. १९८२ मध्ये निकाल लागला: सरासरी २ च्या बाहेर.

इथे कुलाब्याची पाळी येते. शशांक मोहन रॉय आणि वीरेंद्र सिंह हे दोघे टाटा संस्थेतले कणभौतिकीवाले. पायॉनच्या टकरींसाठी रॉय यांनी १९७१ मध्ये दिलेली समीकरणं आजही त्यांच्या नावानं चालतात. सिंह पुढे १९८७ ते १९९७ संस्थेचे संचालक होते. म्हणजे दोघांचंही बस्तान दुसऱ्या विषयात पक्कं होतं आणि बेलच्या विषयात शिरायला त्यांना नोकरीची भीती नव्हती. आस्पेच्या निकालाच्या आधीच, १९७८ आणि १९७९ मध्ये, त्यांनी या कसोट्यांवर लेख लिहिले. बेलची आणि तिच्यासारखी असमानता हाताशी आहे, पण तेवढ्यानं कसोटी पुरी होते का, की स्थानिक सिद्धांत निसटून जाईल अशी फट राहते? या प्रश्नामागे त्यांची पद्धत दिसते. निकालाचा जल्लोष करण्याआधी निकालाची व्याप्ती मोजायची.

१९८९ मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न जास्त धाडसाचा होता. आस्पेनंतर स्थानिक गुप्त चल मोडीत निघाले, असं सगळे मानू लागले होते. मग गुप्त चलांना स्थानिकतेच्या बंधनातून मोकळं केलं तर? त्यांना दूरवर नातं ठेवू द्या. फक्त एक अट घाला: त्या नात्यातून निरोप पाठवता येऊ नये. तळेगावच्या माणसानं कुठली कळ दाबली हे चाकणच्या माणसाला आपल्याकडच्या आकड्यांवरून कळता कामा नये. पुंजयांत्रिकी ही अट पाळतेच. चाकणला बसलेल्याला कायम निम्मे +१ आणि निम्मे −१ दिसतात, तळेगावात काहीही होवो. जुळणी उमगते ती दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही प्रकाशाहून वेगानं पोचत नाही. रॉय आणि सिंह यांनी अशा निरोपहीन गुप्त चलांच्या सिद्धांतांची मांडणी केली आणि त्यांनाही प्रयोगात पकडता येईल अशा कसोट्या सुचवल्या. बोमचा सिद्धांत पुंजयांत्रिकीचंच प्रत्येक भाकीत देतो, त्यामुळे तो प्रयोगाच्या तावडीत सापडत नाही. पण त्याच्या अलीकडे आणखी बरंच काही मांडता येतं, आणि त्यातल्या काहींना प्रयोगानं नाकारता येतं, हे या कामातून पुढे आलं.

१९९१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या ६७ व्या खंडात दोघांनी दोन बंधनं, निरोपबंदीचं आणि आइनस्टाइन-बेलच्या स्थानिकतेचं, दोनाहून अधिक कणांना लावली. आदल्या वर्षी कॉर्नेलच्या डेव्हिड मर्मिननं अनेक कणांसाठी बेलची असमानता काढली होती. पुढच्या दोन वर्षांत अर्देहाली, बेलिन्स्की आणि क्लिश्को यांनी त्यात भर घातली. या सगळ्या कामाचं सार धक्का देणारं आहे. दोन कणांत २ आणि २.८२८ एवढाच फरक दिसतो, पण कण वाढवत गेलं की स्थानिक सिद्धांताची मर्यादा आणि पुंजयांत्रिकीचं उत्तर यांच्यातलं गुणोत्तर घातांकी वेगानं वाढतं. वस्तू मोठी झाली की पुंजयांत्रिकी हळूहळू रोजच्या जगासारखी वागू लागेल, ही समजूत या गणितात बसत नाही.

स्थानिकता सोडून वास्तव टिकवण्याचा हा मार्ग पुढे जगभर चाचपला गेला. अँथनी लेगेट यांनी २००३ मध्ये अस्थानिक पण वास्तववादी सिद्धांतांचा एक वर्ग मांडला आणि २००७ मध्ये व्हिएन्नात तो प्रयोगानं नाकारला गेला. कुलाब्यात मात्र सगळ्यांचं एकमत नव्हतं. त्याच टाटा संस्थेतले सी. एस. उन्नीकृष्णन यांनी २००५ च्या सुमारास आग्रहानं मांडलं की कणांमधली ही जुळणी संवर्धनाच्या नियमांतून येते, बेलच्या असमानतेत बसणारे सिद्धांत ते नियमच पाळत नाहीत, आणि म्हणून प्रयोगांवरून अस्थानिकता सिद्ध झाली असं म्हणणं चूक आहे. बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, पण आकडा आणि त्याचा अर्थ यांत केवढं अंतर आहे, हे या मतभेदानं दाखवलं.

तोवर युरोपात यंत्रांमधलं अंतर वाढत होतं. जिनिव्हाच्या निकोला जिझँच्या गटानं १९९७-९८ मध्ये टेलिफोन कंपनीच्या जमिनीखालच्या काचतंतूंतून फोटॉन धाडून दोन गावांमध्ये १०.९ किलोमीटरवर बेलची कसोटी घेतली. तळेगाव ते देहू एवढंच अंतर. २००८ मध्ये त्याच गटानं सातिन्यी आणि ज्यूसी ही १८ किलोमीटरवरची दोन गावं धरली. तळेगाव ते चाकण सरळ रेषेत याहून थोडंसंच जास्त भरेल. या खेपेला प्रश्न वेगाचा होता. समजा, एका कणाकडून दुसऱ्याकडे काहीतरी छुपी खबर जातेच; मग तिचा वेग किती? पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना त्यांनी दिवसभर मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे खबर ज्या संदर्भचौकटीत धावते ती पृथ्वीच्या तुलनेत कुठल्याही दिशेनं सरकत असली तरी खबर सापडावी. १८ किलोमीटर जायला प्रकाशाला ६० मायक्रोसेकंद लागतात. निष्कर्ष असा निघाला की खबर असलीच, आणि तिच्या चौकटीत पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या हजाराव्या भागाहून कमी असला, तर ती खबर प्रकाशाच्या किमान १०,००० पट वेगानं धावायला हवी.

उरल्यासुरल्या पळवाटा २०१५ मध्ये एकाच वर्षात बुजल्या. डेल्फ्टमध्ये रोनाल्ड हॅन्सनच्या गटानं १.२८ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन गुंतवले. २४५ वेळा मोजून सरासरी २.४२ आली. अंतराची पळवाट आणि मोजणीतून निसटणाऱ्या कणांची पळवाट एकाच प्रयोगात पहिल्यांदा बंद झाली. व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटांनी फोटॉन वापरून लगोलग दुजोरा दिला. २०१७ मध्ये चीनच्या मिसियस उपग्रहानं १,२०० किलोमीटरवरच्या दोन वेधशाळांना गुंतलेले फोटॉन पुरवले. पुणे-दिल्ली हवाई अंतर जवळपास तेवढंच आहे. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि आंतोन झायलिंगर यांना मिळालं. बेल १९९० मध्येच गेला होता.

२ ची मर्यादा मोडली, हे इथपर्यंत पक्कं झालं. पण वरच्या मर्यादेचं काय? लेनिनग्राडच्या बोरिस त्सिरेल्सननं १९८० मध्ये सिद्ध केलं होतं की पुंजयांत्रिकीत ही बेरीज २.८२८ ओलांडूच शकत नाही. मग १९९४ मध्ये सांडू पोपेस्कू आणि डॅनियल रोर्लिक यांनी निरोपबंदीची अट वेगळ्या कामाला लावली. निसर्गावर फक्त तेवढीच अट घातली, तर बेरीज किती होऊ शकेल? उत्तर आलं ४. अंकगणितात त्या बेरजेला जेवढं जास्तीत जास्त होता येतं, तेवढं. म्हणजे निसर्ग आइनस्टाइनला हवा होता त्याहून घट्ट बांधलेला आहे, पण निरोपबंदीनं मुभा दिली आहे तेवढा नाही. सिंगापूरच्या क्वांटम तंत्रज्ञान केंद्रात २०१५ मध्ये फोटॉनच्या जोड्यांवर २.८२७५९ एवढी बेरीज मोजली गेली. त्सिरेल्सनची मर्यादा २.८२८४३. कड दिसली, पण कोणी ओलांडली नाही. ती कड नेमकी तिथेच का, याची अनेक उत्तरं सुचवली गेली आहेत. सर्वमान्य एकही नाही.

आता पाषाण. लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी १९८५ मध्ये बेलचा युक्तिवाद अवकाशातून काळात नेला होता. दोन गावं नकोत; एकच वस्तू घ्या आणि तिला निरनिराळ्या क्षणी विचारा. वस्तू प्रत्येक क्षणी ठराविक स्थितीत असेल आणि ती न बिघडवता बघता येत असेल, तर तीन क्षणांच्या उत्तरांचा हिशेब — पहिलं गुणिले दुसरं, अधिक दुसरं गुणिले तिसरं, वजा पहिलं गुणिले तिसरं — सरासरीनं १ च्या वर जात नाही. पुंजयांत्रिकी १.५ पर्यंत जाऊ देते. चार क्षण घेतले तर मर्यादा २ आणि २.८२८, बेलचेच आकडे, दुसऱ्या वाटेनं.

कर्वेनगरच्या कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयातले विक्रम आठल्ये आणि आयसर पुण्याचे सौम्य सिंघा रॉय व टी. एस. महेश यांनी २०११ मध्ये ही कसोटी चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात घेतली. आयसर त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचं होतं. क्लोरोफॉर्मच्या रेणूत एक कार्बन आणि एक हायड्रोजन असतो. कार्बन तेरा वस्तुमानांकाचा असला तर दोन्हींची केंद्रकं छोट्या चुंबकासारखी वागतात आणि मोठ्या चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी डुलतात. एक केंद्रक ज्याची चौकशी करायची ते, दुसरं चौकशी करणारं. रेडिओ लहरींच्या मोजून दिलेल्या ठोक्यांनी पहिल्याची माहिती दुसऱ्यावर उतरवायची आणि दुसऱ्याला वाचायचं. पहिल्याला थेट हात लावायचा नाही. क्षणांमधलं अंतर थोडं असताना बेरीज मर्यादेच्या बाहेर गेली. अंतर वाढवत नेलं, तशी भोवतालच्या गडबडीनं केंद्रकांची जुळणी विरत गेली आणि बेरीज हळूहळू मर्यादेच्या आत आली. पुंजजग मावळून नेहमीचं जग उगवतं कसं, हे एकाच आलेखात दिसलं. लेखाला ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये जागा मिळाली, वीस वर्षांपूर्वी कुलाब्याच्या लेखाला मिळाली होती त्याच पत्रिकेत.

या प्रयोगाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. दोन्ही केंद्रकं एकाच रेणूत शेजारी बसलेली, त्यामुळे दूरच्या नात्याबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय नळीत अगणित रेणू असतात आणि मोजलं जातं ते सगळ्यांचं मिळून. एकेका फोटॉनवर, पळवाटा बंद करून, हीच काळातली कसोटी २०२२ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत उर्बसी सिन्हा यांच्या गटानं कोलकात्याच्या दीपंकर होम यांच्यासह पार पाडली.

मर्यादा मोजण्याचा हा छंद आता व्यवहारात उतरतो आहे. १९९१ च्या त्याच ६७ व्या खंडात, रॉय-सिंहांच्या लेखाच्या काही अंक आधी, आर्तुर एकर्टचा लेख आहे. दोन ठिकाणची बेरीज २.८२८ च्या जवळ असेल तर तिसऱ्या कुणाला त्या जुळणीत वाटा मिळू शकत नाही, म्हणून तिच्यातून गुप्त संदेशाची किल्ली बनवता येते, असं त्यानं मांडलं. केंद्र सरकारनं १९ एप्रिल २०२३ ला ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्यात अशा संदेशवहनाचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्राकडे, आयआयटी मुंबईकडे, क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र आलं. या सगळ्यामागे दोन अटी आहेत: जुळणीतून निरोप जात नाही, आणि जुळणी ठराविक आकड्यापुढे वाढतही नाही. यातली पहिली अट मुंबईत १९८९ मध्येच प्रयोगाच्या कसोटीला लावायला काढली गेली होती. दुसरी का पाळली जाते, हे कुलाब्याला, पाषाणला किंवा जिनिव्हाला, कुणालाच अजून सांगता आलेलं नाही.